पाठ करून बसलेलं घर

महादेवीबाई हालकुडे यांच्यावर मी लिहितेय हे त्यांना कळलं तर त्या मला फाटकातच गाठून सुनावतील. सुनावू देत. आम्ही दोघींनी एकाच जिल्हा परिषद शाळेत नोकरी केली, आणि लातूरच्या एकाच कॉलनीत आमची घरं आहेत. मध्ये फक्त शेषेरावांचं घर. एवढ्या वर्षांत आमचं कधी पटलं नाही. पण त्यांच्या घराबद्दल हल्ली जो तो गोड गोड बोलतो, तेव्हा मला वाटतं, खरं काय झालं ते कुणीतरी सांगायला पाहिजे. त्यात गोड काही नव्हतं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. कुठल्याही कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालायचे दिवस संपले. नवी कार्यालयं आली, कारकून आले, शिपाई आले, आणि त्या सगळ्यांना राहायला जागा कुठली? गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, आडतीमागच्या पत्र्याच्या खोल्यासुद्धा भाड्यानं जायला लागल्या. मी मूळ मुदखेडची, लग्न होऊन इथं आलेली. आम्ही असल्याच एका खोलीत होतो. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापला की लेकरांना घेऊन मी बाहेर लिंबाखाली बसायचे. महादेवीबाईही पलीकडच्या गल्लीत तशाच खोलीत राहायच्या. त्यांचे मालक सिद्धरामअप्पा आडतीवर मुनीम होते. भला माणूस, आवाज न करणारा. घरातला सगळा आवाज बाईंचा.

मग नोकरदारांची गृहनिर्माण सोसायटी निघाली. गावाबाहेर, काळ्या रानात प्लॉट पडले. लक्ष्मणराव चेअरमन झाले. निवृत्त तलाठी, पांढरं धोतर, काळी टोपी, बोलताना प्रत्येक वाक्याला ‘नियमानं’ म्हणायचे. त्यांनी सगळ्यांसाठी एकच नकाशा काढून आणला होता. पुढं पोर्च, मग हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, वर स्लॅब, आणि घराच्या चारी बाजूंनी पाच पाच फूट जागा मोकळी. आम्ही सगळे तो कागद हातोहात फिरवून बघत होतो. स्लॅबचं घर! माझ्या माहेरी कुणाचं नव्हतं.

महादेवीबाई उभ्या राहिल्या.

“ही चारी बाजूंची जागा कशाला सोडायची? शेजाऱ्याची भिंत बघायला?”

“नियमानं सोडावी लागती, बाई,” लक्ष्मणराव म्हणाले.

“हा नियम कुठल्या थंड गावाचा हाय ते बघा आधी. आपल्याकडं चारी बाजूंनी ऊन लागतंय भिंतीला. त्यापेक्षा घरं एकमेकाला चिकटवा. एकाच्या भिंतीची सावली दुसऱ्याला पडंल. आन् मोकळी जागा बाहेर सोडायची ती आत घ्या. मधी चौक ठेवा. चारी खोल्यांची दारं चौकात उघडतील. वारा आत फिरंल.”

आधी कुणीतरी खुसखुसलं, मग सगळेच हसले. “बाईला वाडा बांधायचाय!” असं मागून कुणी तरी म्हणालं. शेषेराव मात्र हसले नाहीत. ते नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होते, मुरुडचे, कडक इस्त्रीचे कपडे, नोकरीचा भारी अभिमान. ते रागानं उठले.

“आमची आई जन्मभर असल्या घरात सारवीत बसली. मधी चौक, चौकात चिखल, भवतीनं अंधाऱ्या खोल्या. त्यातनं बाहेर पडायला आम्ही शिकलो. आन् तुम्ही आम्हाला परत त्यातच ढकलायलात?”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या आणि आजही वाजवीन. माझ्या आईचे गुडघे सारवून सारवून गेले होते. चौकाचं कौतुक ज्याला झाडायचा नसतो त्यालाच असतं, असं माझं मत होतं.

पण बाई बसायला तयार नव्हत्या. “मला कुठं तो अंधार पाहिजेय? आमच्या उदगीरच्या घरात उंदीर होते, अंधार होता, सासुरवाशिणीला उभं राहायला जागा नव्हती. ते घर जाळून टाका. मला त्यातला वारा पाहिजे. तेवढाच घ्यायचा, बाकीचं सोडायचं. एवढंही कळंना का?”

‘एवढंही कळंना का’ हे त्यांनी पाचपन्नास माणसांच्या सभेत म्हटलं. तिथंच त्यांचं काम संपलं. मतदान झालं तेव्हा त्यांच्या बाजूनं सिद्धरामअप्पांचासुद्धा हात वर गेला नाही.

घर बांधताना नियम म्हणून बाईंनी चारी बाजूंची जागा सोडली, आणि तरीही उरलेल्या घरातून मधला तुकडा चौकासाठी कापून काढला. आमच्या घरांना चार खोल्या, त्यांच्या घराला दोन आणि चौकाकडं उघडा एक सोपा. सिद्धरामअप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला म्हणे. “पावणेरावळे आले तर आभाळाखाली झोपवतीस का?” बाई म्हणाल्या, “हाव. थंड वाटंल त्यांना.” त्यानंतर अप्पा बांधकामाकडं फिरकलेच नाहीत. निलंग्याकडचा एक गवंडी होता, मडिवाळप्पा. तो आणि बाई दिवसभर कानडीत भांडायचे. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा जाड थर टाकायला लावला, चौकाच्या कडेनं आतल्या बाजूला उतरतं कौलारू छप्पर घेतलं, पावसाचं पाणी चौकाखालच्या हौदात पडेल असा उतार काढला. आणि पश्चिमेची भिंत हातभर जाडीची बांधली. तिला एकही खिडकी नाही.

ती भिंत शेषेरावांच्या घराकडं होती.

दुपारनंतरचं ऊन त्या बाजूनं येतं म्हणून ती भिंत आंधळी ठेवली, एवढीच गोष्ट होती. बाईंनी ती शेजाऱ्याला एका वाक्यात सांगितली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण सांगणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि विचारणं हा शेषेरावांचा नव्हता. ते सगळ्यांना म्हणत फिरले, “सभेत हरली म्हणून माझ्याकडं पाठ करून घर बसवलंय.” मग त्यांनी दोरी लावून पाहिलं. भिंत जाड करण्याच्या नादात पाया वीतभर बाहेर, मोकळ्या सोडायच्या जागेत आला होता. शेषेरावांनी सोसायटीकडं तक्रार केली. लक्ष्मणराव दोन मजूर घेऊन आले आणि नियमानं त्या भिंतीचा कोपरा फोडून घेतला.

मी तेव्हा माझ्या घराच्या ओट्यावर उभी होते. बाई विटा पडताना बघत होत्या. रडल्या नाहीत. मजूर गेल्यावर त्यांनी पडलेल्या विटा स्वतः वेचून एका बाजूला रचल्या, मडिवाळप्पाला म्हणाल्या, “उद्या परत लाव. आतल्या अंगानं.” मग शेषेरावांच्या दारात जाऊन म्हणाल्या, “वीतभर जागेसाठी माझी भिंत पाडलात. आता तुमच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई मला.” त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

शेषेरावांनी घरावर लगेच वरची खोली चढवली. बाहेरून जिना, खोलीला गॅलरी. ती गॅलरी नेमकी महादेवीबाईंच्या चौकावर. सकाळी ते तिथं खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. खाली बाई वेणी घालतायत, भांडी घासतायत, आणि वर हे. बाईंनी चौकावर एक जुनं इरकली लुगडं बांधून आडोसा केला. वारा आला की ते फडफडायचं. आम्ही सगळे त्याला ‘हालकुड्यांचा झेंडा’ म्हणायचो.

असं चाललं असताना शहाऐंशीचा पाऊस गेला. आला आला म्हणेपर्यंत गेलाच. दिवाळीनंतर बोअरला गढूळ पाणी, मग नुसती हवा. नळ आठवड्यातून एकदा, तेही नशीब असेल तर. उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा शिकलेसवरलेले लोक घागरी घेऊन एकमेकांच्या अंगावर जायचे. मीही गेलेय. आणि मग कुणाला तरी आठवलं की हालकुड्यांच्या चौकाखाली हौद आहे.

शेषेराव पाचसहा जणांना घेऊन बाईंच्या दारात गेले. बोलणं बंद होतं, म्हणून ते लक्ष्मणरावांकडं तोंड करून म्हणाले, “विचारा त्यांना, पाणी दाबून ठेवलंय का न्हाई.”

बाईंनी दार पूर्ण उघडलं. चौकात जाऊन हौदाचं झाकण सरकवलं. “या. बघा. कुणाला शंका असंल तर उतरा खाली.”

तळाला भेगा पडलेला गाळ होता. पाऊसच पडला नव्हता, तर हौदात येणार कुठून? लोक परत फिरले. कुणी माफी मागितली नाही. पण परतताना सगळ्यांना एक गोष्ट जाणवली होती. त्या घरात गार होतं. आमच्याकडं वीज गेली की स्लॅबखाली भट्टी पेटायची, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. तिथं सोप्यात फरशीवर नुसतं उभं राहिलं तरी घाम सुकत होता. पाणी देऊ शकलं नाही, पण उन्हाला त्या घरानं आत येऊ दिलं नव्हतं. ते कुणी बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

त्याच वर्षी मुरुडची विहीर आटली म्हणून शेषेरावांनी आईला लातूरला आणलं. नागाबाई. वाळकी, ताठ, तंबाखू खाणारी म्हातारी. सुनेला हॉलमध्ये तंबाखूच्या पिंका नको होत्या, म्हणून म्हातारीची खाट वरच्या खोलीत. वर उघडा स्लॅब, तीन बाजूंनी ऊन.

पहिल्या आठवड्यातच एका दुपारी नागाबाई जिना उतरून थेट महादेवीबाईंच्या दारात गेल्या. हे मला पुढं बाईंच्याच तोंडून कळलं, भांडणाच्या ओघात.

“थंड कुठं हाय ते हुडकीत आले,” म्हातारी म्हणाली आणि आत जाऊन सोप्यात बसलीसुद्धा.

“तुम्ही शेषेरावची आई ना?”

“हाव. तू त्या भिंतीवाली ना? तुझं नाव ऐकलंय. चांगलं न्हाई ऐकलं.”

“बसायचं तर बसा. थुंकायचं न्हाई.”

“थुंकंन चौकात. मातीच हाय की.”

“मातीत माझा बेल लावलाय.”

“तुळस न्हाई?”

“आम्हा लिंगायतांत नसती.”

“चौक लहान बांधलास,” म्हातारी म्हणाली, आणि फरशीवर पदर पसरून झोपून गेली.

मग रोज दुपारी तेच. शाळा सकाळची होती, घरी येताना मला दिसायचं. नागाबाई काठी टेकत शेषेरावांच्या फाटकातून निघायच्या आणि बाईंच्या घरात शिरायच्या. त्यांच्यात मैत्री झाली असं कुणी समजू नये. म्हातारी रोज काहीतरी नावं ठेवायची. कौलं नीट बसवली नाहीत, उंबरा उंच झाला, भाकरी जाड करतीस. बाईही सोडायच्या नाहीत. पण दार उघडं असायचं, आणि ती झोपलेली असताना बाई लेकरांना बोलू द्यायच्या नाहीत.

शेषेरावांना हे कळायला फार दिवस लागले नाहीत. जेवायला घरी आले, वर आई नाही. शोधत शोधत बाईंच्या फाटकाशी आले. आत पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून रस्त्यावरूनच ओरडले. सगळी कॉलनी बाहेर आली.

“आई, चल घरी! स्वतःचं दोन मजली घर असताना लोकाच्या दारात पडून ऱ्हातीस? माझी इज्जत काढायलीस!”

आतून म्हातारीचा आवाज आला. “तुझ्या घरात मी भाजून निघायलेय. मी काय भाकर हाय का?”

“ह्या बाईनं तुझ्यावर काही केलंय!”

महादेवीबाई दारात आल्या. “मी बोलावलं न्हाई तुमच्या आईला. घेऊन जा. उचलून न्या. पण माझ्या दारात ओरडू नका, माझी लेकरं झोपलीत.”

शेषेरावांनी आईला दंडाला धरून नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत परत जाताना त्यांनी जिन्याच्या खालच्या लोखंडी दाराला बाहेरून कुलूप लावलं. बायको लेकरांना घेऊन परभणीला लग्नाला गेली होती. वर माठ भरून ठेवला, भाकरी झाकून ठेवली. आईनं हट्ट करू नये एवढाच त्यांचा हेतू होता, हे मी मान्य करते. शेषेराव दुष्ट नव्हते. अपमान झालेले होते.

मे महिना, सुट्टी लागलेली. त्या दिवशी वीज सकाळपासून गेलेली. मी दार लोटून पडले होते तेव्हा महादेवीबाई आल्या. त्या माझ्या घरात त्याआधी कधी आल्या नव्हत्या. हातात पहार.

“चला. कुलूप तोडायचंय.”

“कुणाचं?”

“म्हातारी गॅलरीत पडलीय. चौकातनं हाका मारायलेय, उठंना.”

मी म्हणाले, “शेषेरावांना बोलवायला कुणाला तरी पाठवू.” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चप्पल न घालताच निघाले. पहिल्या दणक्याला कुलूप हललं नाही. दुसऱ्यांदा पहार निसटून त्यांच्या पायाला लागली, रक्त आलं. त्यांनी बघितलंही नाही. मग कडीच उखडली. वरची खोली कशी होती ते सांगू शकत नाही, श्वास घेतला तर नाकात आग. माठातलं पाणी कोमट झालेलं. नागाबाई गॅलरीच्या कठड्याला धरून खाली बसलेल्या, डोळे अर्धे उघडे, अंग कोरडं आणि तापलेलं.

बाईंनी खांद्याला धरलं, मी पायाला. तो जिना उतरताना मी देवाचं नाव घेत होते आणि बाई शेषेरावांना शिव्या देत होत्या. सोप्यात फरशीवर ठेवलं. बाईंच्या घरात त्या दिवशी पिण्यापुरतंच पाणी होतं, टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. त्यांनी ते सगळं ओतलं. लुगडं भिजवून म्हातारीच्या अंगावर टाकलं, मान पुसली, तळपाय पुसले. मी वारा घालत राहिले. नुसत्या वाऱ्यानं ओल्या कापडाला गारवा येत होता. आमच्या हॉलमध्ये ते कापड तेवढ्या वेळात सुकून गेलं असतं. ऊन कलताना म्हातारी पहिल्यांदा पुटपुटली. डॉक्टर आले, बाटली लावली. “वेळेत खाली आणलंत,” म्हणाले.

शेषेराव आले तेव्हा आई शुद्धीवर होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, उखडलेल्या कडीकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता हा माणूस बाईंच्या पाया पडेल.

ते लक्ष्मणरावांकडं गेले. “आमच्या मागं आमचं घर फोडलं,” अशी तक्रार केली.

रविवारी सोसायटीच्या मोकळ्या जागेत बैठक बसली. नागाबाईंना खुर्चीवर बसवून आणलं होतं. मी जे पाहिलं ते सांगितलं. शेषेराव सारखं एकच म्हणत होते, “विचारायला पाहिजे होतं. मालकाला विचारल्याशिवाय कुलूप तोडायचं?” म्हातारी बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “मी वरनं सांगितलं तिला, तोड म्हणून. माझ्याच लेकाचं घर हाय ना? का ते बी न्हाई?”

ते साफ खोटं होतं. ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हतीच. पण ते ऐकून शेषेराव खाली बसले. लक्ष्मणरावांनी तरीही निकाल दिला, कुलूप-कडी मोडली ती नियमानं भरून द्यावी.

महादेवीबाईंनी दुसऱ्याच दिवशी गंजातून नवं कुलूप आणलं. आधीच्यापेक्षा मोठं. शेषेराव कचेरीला निघत होते तेव्हा त्यांच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून त्यांच्याशी बोलल्या.

“घ्या. आता आईला कोंडायचं असंल तर नीट कोंडा. ह्याला माझी पहार चालायची न्हाई.”

शेषेरावांनी ते कुलूप घेतलं. जिन्याला त्यांनी ते कधी लावलं नाही, एवढं मी पाहिलं.

नागाबाई चालण्याजोग्या झाल्या तशा मुरुडला परत गेल्या, पाणी नसलेल्या गावाला. लेकानं थांब म्हटलं, थांबल्या नाहीत. निघताना बाईंच्या सोप्यात डोकावून म्हणाल्या, “परत बांधलास तर चौक मोठा बांध.” आभाराचा शब्द नाही. बाई म्हणाल्या, “परत बांधायला पैसे तुम्ही देणार का?” पुढच्या दोन पावसाळ्यांत म्हातारी गेली. शेषेरावांनी कॉलनीत कुणाला कळवलं नाही. महादेवीबाईंना शाळेत मुरुडच्या एका मास्तरांकडून कळलं. त्या एस.टी.नं एकट्याच जाऊन आल्या, आणि कुठं गेला होतात असं मी विचारलं तर म्हणाल्या, “तुम्हाला काय करायचंय?”

काही वर्षांनी सोसायटीचा दुसरा टप्पा निघाला तेव्हा तीन कुटुंबं इंजिनीअरला घेऊन बाईंचं घर बघायला आली. बाई म्हणाल्या, “तुम्ही सभेत हसला होतात का?” त्यातला एक हसला होता. त्याला त्यांनी फाटकाबाहेर ठेवलं, बाकीच्यांना आत घेतलं. चहा दिला नाही. इंजिनीअरनं टेप लावून मापं घेतली, चौक किती, सोपा किती, भिंत किती जाड. तशी तीन घरं झाली. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्यानंही बांधलं, इतरांचं बघून. एकानं चोरांच्या भीतीनं चौकावर लोखंडी जाळी आणि जाळीवर प्लास्टिक टाकलं. बाई जाता येता त्याला ऐकवतात. नियम मात्र बदलला नाही. चारी बाजूंनी जागा सोडावीच लागते. लक्ष्मणराव गेले, नवा चेअरमन आला, तोही नियमानंच बोलतो.

शेषेरावांनी निवृत्तीनंतर वरच्या खोलीच्या पश्चिमेची खिडकी बुजवून टाकली आणि स्लॅबवर चुन्याचा थर घातला. मडिवाळप्पाच्या पोराकडूनच. दोन्ही घरांचं बोलणं अजून बंद आहे.

मागच्या वर्षी आम्ही मागं एक खोली वाढवायला काढली. माझे मालक म्हणाले, एकदा महादेवीबाईंना विचार. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. त्या आल्या. सिद्धरामअप्पा गेल्यापासून काठी घेऊन चालतात, जीभ मात्र तशीच. गवंड्यानं लावलेल्या दोऱ्या बघितल्या, एका दोरीवर काठी मारली.

“दार चुकीच्या जागी काढलंय. इकडं घ्या, दक्षिणेला. न्हाईतर दुपारी ऊन खाटेपर्यंत येईल.”

“मला स्वयंपाकघरातनं थेट जायला पाहिजे,” मी म्हणाले.

“मग भाजून घ्या.”

आमचं तिथं चांगलं अर्धा तास जुंपलं. गवंडी बाजूला बिडी ओढत बसला. शेवटी मी दार मला हवं तिथंच काढलं. दुपारी ऊन खाटेपर्यंत येतं. मी पडदा लावलाय, आणि त्यांनी विचारलं तर थंड आहे म्हणून सांगते.